उन्हात ठेवलेली ढोलकी

सत्कारमूर्ती क्रमांक चार. नाव : श्रीमती मुक्ताबाई मिरजगावकर (हे गावाचे नाव असून आडनाव उपलब्ध नाही). वडिलांचे अथवा पतीचे नाव : निरंक (सत्कारमूर्तींनी आईचे नाव सांगितले, आईसाठी रकाना नाही). वय : अंदाजे एकाहत्तर, आधार कार्डानुसार अडुसष्ट. व्यवसाय : माजी नर्तिका. सध्याचा व्यवसाय : शेळ्या, दोन. शिक्षण : निरंक, वाचता येते. प्रकृती : दोन्ही गुडघ्यांची झीज, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मते दहा मिनिटांहून अधिक काळ उभे राहणे उचित नाही. व्यासपीठावर आवश्यक बाबी : हात असलेली खुर्ची, एक, पायऱ्यांशी हात धरण्यास व्यक्ती, एक. ओळखीची खूण : दोन्ही घोट्यांवर काळे घट्टे. शेरा : स्वभाव सहकार्याचा.

शेवटची नोंद जिल्हा लोककला गौरव समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी पहिल्याच भेटीत, मिरजगावात मुक्ताबाईंच्या ओट्यावर बसून केली होती. चहा फक्कड झाला होता, त्यामुळे घाई झाली.

आप्पासाहेब निवृत्त गटशिक्षणाधिकारी. जगात जे आहे ते कोणत्या ना कोणत्या रकान्यात बसतं आणि जे बसत नाही ते बहुधा नसतंच, असा त्यांचा चौतीस वर्षांच्या नोकरीतून सिद्ध झालेला विश्वास होता. माणूस मात्र मनाचा साफ. तमाशावर त्यांचं खरं प्रेम होतं. विद्यार्थी असताना वडिलांचा डोळा चुकवून ते तंबूच्या कनातीखालून आत शिरले होते, आणि तिथं पाहिलेला एक नंबर त्यांना पन्नाशी-साठीतही झोप लागेना झाली की आठवायचा. तो नंबर म्हणजे ‘पाण्याचा सवाल’.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आसाराम मास्तरांच्या फडाचा एक वग होता. गावचा पाटील विहिरीवर कुलूपबंद झाकण टाकतो. पाच बाया डोक्यावर घागरी घेऊन येतात, विहिरीभोवती फेर धरतात आणि पाटलाला विचारतात :

‘विहीर तुमची, दोर तुमचा, पाणी कुनाचं सांगा;
पाटील, आदी सवाल सोडवा, मंग वाटंला लागा!’

एवढ्यावर नंबर गाजला नसता. पाण्यावरून पाटलाला सवाल करणाऱ्या बाया त्या काळी दर दुसऱ्या तंबूत होत्या. गाजला तो पुढच्या प्रकाराने. गाणं ऐन भरात आलं की ढोलकी एकाएकी गप्प व्हायची. पेटी गप्प, तुणतुणं गप्प. नुसते पाच बायांच्या पायांतले चाळ. डोक्यावर पितळी घागरी, आणि सोळा-सोळा मात्रांचे चार फेरे, वाद्याशिवाय. लोक त्यांना ‘मुके फेरे’ म्हणत. पाच हजारांचा तंबू श्वास धरून बसायचा. चौथा फेरा संपता संपता ढोलकी समेवर अशी कोसळायची की पटके हवेत जायचे. शेवगावच्या जत्रेत एकदा मुके फेरे चालू असताना कुणीतरी शिंकलं, तर त्याला शेजाऱ्यांनी बाहेर नेऊन बदडलं.

त्या फेऱ्यांच्या पुढच्या घागरीखाली मुक्ताबाई असायच्या.

त्यांचा जन्म तंबूमागे राहुटीत झाला. आई भागूबाई त्याच फडात नाचायची. बाहेर कोणता वग चालू होता ते मुक्ताबाईंना ठाऊक आहे, तारीख नाही. वयाचा घोळ तिथला. अकराव्या वर्षी पायात चाळ आले. आसाराम मास्तरांचा फड मोडला तोवर ते पायातच होते. फड मोडल्यावर तीन हंगाम त्या कोल्हारकडं ऊस तोडायला गेल्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं असतं. बाकीच्या बाया हाताने मोळी धरून चढत. ही बाई दोन्ही हात मोकळे सोडून चढायची. मुकादम म्हणाला, ‘‘बाई, सर्कशीत हुता का?’’ मुक्ताबाई म्हणाल्या, ‘‘त्याच्याहून वाईट.’’ मग गुडघे गेले, शेळ्या आल्या. याखेरीज त्यांच्या आयुष्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडं फारसं नव्हतं, असं त्याच म्हणत. एक गोष्ट सोडून. आणि ती त्यांनी बेचाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

आप्पासाहेब दुसऱ्यांदा मिरजगावला आले ते गौरव पुस्तिकेची कच्ची प्रत घेऊन. नगरला महोत्सव व्हायचा होता. रविवारी सकाळी अकराला ‘पाण्याचा सवाल’ सादर होणार, त्याचं समितीतर्फे चित्रीकरण होणार, आणि ते पुढच्या पिढ्यांसाठी ‘प्रमाण आवृत्ती’ म्हणून जतन होणार. नाचायला पुण्याच्या नृत्यदिग्दर्शिका राजेश्वरी मॅडमचा संच. मूळ पाचजणींपैकी हयात असलेल्या तिघींनी, म्हणजे मुक्ताबाई, शेवगावच्या दगडाबाई आणि कोल्हारच्या शेवंताबाई यांनी, मागे खुर्च्यांवर विराजमान व्हायचं आणि शेवटी शाल-श्रीफळ घ्यायचं.

मुक्ताबाईंनी पुस्तिका हातात घेतली. तंबूच्या पाट्या वाचून वाचून त्या अक्षरं शिकल्या होत्या, त्यामुळे सगळं जरा मोठ्याने वाचायच्या. पान चौदा, ओळ सहा : ‘‘या नृत्यातील जगप्रसिद्ध मुके फेरे आसाराम मास्तरांच्या प्रतिभेतून साकार झाले असून नर्तिकांनी ते निष्ठेने सादर केले.’’

‘‘हे कुनी लिवलं?’’

‘‘मीच,’’ आप्पासाहेब नम्रपणे म्हणाले.

‘‘तुमाला कुनी सांगितलं?’’

‘‘मास्तरांची मुलाखत आहे ना, जुनी. त्यात ते स्वतःच सांगतात.’’

‘‘ते तर सांगनारच,’’ मुक्ताबाई म्हणाल्या आणि शेळी सोडायला गेल्या. आप्पासाहेबांना वाटलं, विषय संपला.

विषय असा होता. जत्रेत रात्रीचा खेळ लोकांसाठी आणि दुसऱ्या दिवशी देवळापुढं हजेरी, ती देवासाठी. हजेरी भर दिवसा, उघड्यावर. ते साल त्र्याऐंशी, चैत्राचं ऊन. पहाटेच्या गारव्याने ढोलकीचं कातडं सैल पडतं, म्हणून ते ताणायला ढोलकी घडीभर उन्हात ठेवतात. घडीभर म्हणजे एक बिडी संपेस्तोवर. हे फडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ढोलकीवाला गहिनीनाथ तेव्हा बत्तीस वर्षांचा, जिल्ह्यात नाव असलेला. त्याने ढोलकी उन्हात ठेवली, बिडी पेटवली, आणि कालच्या कुस्तीत कोण खाली होता यावर त्याचं चहावाल्याशी भांडण लागलं. भांडण तासभर चाललं. ढोलकी तासभर उन्हात.

हजेरीला उभे राहिले तेव्हा ढोलकीचं पान, म्हणजे ते कातडं, नुसतं टणत्कार करत होतं. लोक म्हणाले, वा, आज काय बोल आहे. गाणं भरात आलं, गहिनीनाथने थाप मारली, आणि फट्! पान उभं फाटलं. पाच बाया फेऱ्याच्या मधोमध, डोक्यावर घागरी. पेटीवाला गोंधळून थांबला, तुणतुणं थांबलं. पुढं मुक्ता. तिने पाय थांबवला असता तर मागच्या चौघी तिच्यावर आदळल्या असत्या, आणि देवळापुढं पाच घागरी कोसळणं कुठल्याच देवाला चाललं नसतं. ती थांबली नाही. उलट टाच जोरात आपटली, म्हणजे मागच्यांना मात्रा कळावी. मागून दगडा ओरडली, ‘‘मुक्ते, मेली का ढोलकी?’’ मुक्ता न वळता म्हणाली, ‘‘ढोलकी मेली. आपुन न्हाई. चल.’’ गहिनीनाथ रांगत ट्रंकेपाशी गेला, दुसरी ढोलकी काढली, पट्टा गळ्यात अडकवला. याला चार फेरे लागले. पाचव्याच्या समेवर तो आत आला. मग जे झालं ते असं की देवळाचा गुरवसुद्धा शिट्टी मारत होता.

आसाराम मास्तर त्या वेळी ट्रकखाली झोपले होते. शिट्ट्यांनी जागे झाले. काय झालं ते पेटीवाल्याकडून अर्धंमुर्धं ऐकलं आणि संध्याकाळी म्हणाले, ‘‘ही जागा आता रोज घ्यायची. माझ्या डोक्यात लई दिवस घोळत हुती.’’

गहिनीनाथ राहुटीमागं येऊन मुक्ताच्या पाया पडायच्या बेतात होता. उन्हात ढोलकी विसरलेल्या माणसाला पुन्हा कुठल्या फडावर काम मिळालं नसतं. ती म्हणाली, ‘‘न्हाई सांगत. जा.’’ आणि नाही सांगितलं. ढोलकी फाटली म्हटलं की ती का फाटली हेही निघालं असतं, म्हणून फडातल्या बाकीच्यांनीही तोंड मिटलं. चारीच्या चारी फेरे मास्तरांच्या खात्यावर गेले. मास्तर त्यावर राज्यभर मुलाखती देत हिंडले आणि शेवटी त्या कीर्तीतच वारले.

शब्द म्हणजे शब्द. पण शब्द पाळणं वेगळं आणि तो छापून आलेला बघणं वेगळं. शेळ्या चारताना मुक्ताबाईंना पान चौदा पाठ झालं. त्यात ‘निष्ठेने’ हा शब्द त्यांना विशेष लागला.

शुक्रवारी दुपारी नगरच्या सभागृहात तालीम होती. स्टेजवर लाल कापड घातलेल्या तीन खुर्च्या. दगडाबाई आणि शेवंताबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

‘‘ये, मुक्ते,’’ दगडाबाई म्हणाल्या. ‘‘बस. गादी मऊ हाय. आपलं तेरावं लई थाटात करत्यात.’’

‘‘माझी वाटी नवी बसवलीया,’’ शेवंताबाई गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या. ‘‘बसायला न्हाई बसवली. बसायला जुनी बी चालली असती.’’

राजेश्वरी मॅडम पस्तिशीच्या, हसऱ्या, कामाला वाघ. त्यांनी ‘‘आजी’’ म्हणत तिघींना वाकून नमस्कार केला.

‘‘आजी म्हनू नगं,’’ मुक्ताबाई म्हणाल्या. ‘‘स्टेजवर आजी नसती. अक्का म्हन.’’

ट्रॅक लागला. पाच मुली आल्या. मुली गुणी होत्या, पाय स्वच्छ पडत होते. डोक्यावर सोनेरी रंगाच्या थर्माकोलच्या घागरी, हनुवटीखाली पट्ट्याने बांधलेल्या, लहान मुलांच्या टोपीसारख्या. गाणं भरात आलं. तिघी म्हाताऱ्या नकळत पुढं झुकल्या. ढोलकी वाजतच राहिली. गाणं संपलं. मुलींनी नमस्कार केला.

‘‘मुकं फेरं?’’ दगडाबाईंनी विचारलं.

‘‘ते कमी केलेत, अक्का,’’ राजेश्वरी म्हणाली. ‘‘अर्धं मिनिट शांतता म्हणजे खूप होते. आता लोक मोबाईलवर बघतात. काही वाजलं नाही की त्यांना वाटतं बिघडलंय, पुढं सरकवतात.’’

‘‘बिघडलंच हुतं,’’ मुक्ताबाई म्हणाल्या.

‘‘म्हणजे?’’

‘‘काय न्हाई.’’

आता दोन गोष्टी झाल्या. एक, फेरे मास्तरांच्या नावावर गेले होते. दुसरी, आता ते मास्तरांच्याही नावावर उरणार नव्हते. प्रमाण आवृत्तीत ते नसणार, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या लेखी ते झालेच नव्हते. मुक्ताबाईंनी जन्मात एक गोष्ट स्वतःची घडवली होती, तीही चालता चालता, डोक्यावर घागर असताना. ती मऊ गादीवर बसून पुसली जाताना पाहायची आणि वर नारळ घ्यायचा.

त्या उठल्या. ‘‘आप्पासायेब, आमी नाचनार.’’

आप्पासाहेबांनी फाईल उघडली. माणूस घाबरला की देवाचं नाव घेतो, तसे ते फाईल उघडत. ‘‘मुक्ताबाई, तसं करता येत नाही. तुम्ही सत्कारमूर्ती आहात. सत्कारमूर्ती वेगळे, कलाकार वेगळे. एकच व्यक्ती दोन्ही यादीत बसत नाही.’’

‘‘मंग मला सत्कारातून काढा.’’

‘‘आणि डॉक्टरांचं म्हणणं—’’

‘‘डाक्टरला नाचायचंय का?’’

‘‘तुम्ही पडलात तर?’’

‘‘पडंल. खुर्चीतनं बी मानूस पडतो. परवा आमच्याकडं लग्नात एक पुढारी सोफ्यातनं पडला. त्यो काय नाचत हुता?’’

आप्पासाहेब हरले की लेखी मागत. ‘‘तसा अर्ज लागेल,’’ ते म्हणाले. मुक्ताबाईंनी तिथंच, तालमीच्या वहीचं पान फाडून, तंबूच्या पाटीवर शोभेल एवढ्या अक्षरांत लिहिलं : ‘‘अर्ज करते की माझा सत्कार रद्द करावा. कारण मला काम आहे. आपली, मुक्ताबाई आई भागूबाई.’’ खाली दगडाबाईंनी अंगठा उठवला आणि शेवंताबाईंनी सही केली. सत्कार नाकारण्याची तरतूद समितीच्या नियमावलीत नव्हती. कुणी नाकारेल असं नियमावली लिहिणाऱ्याला वाटलं नव्हतं. नियमावली आप्पासाहेबांनीच लिहिली होती. त्यांनी बराच वेळ अर्ज वाचला. मग चष्मा पुसला आणि त्यावर ‘मंजूर’ असा शेरा मारला. कनातीखालून आत शिरलेला पोरगा त्यांच्यात कुठंतरी अजून होता, एवढंच याचं कारण देता येईल.

राजेश्वरी चिडेल असं सगळ्यांना वाटलं. ती चिडली नाही. तिचे डोळे चमकले. ‘‘पण तुम्ही तिघीच. मग असं करू या का? ज्या दोघी आज नाहीत, त्यांच्या जागा रिकाम्या ठेवू. नुसता प्रकाशाचा झोत, रिकाम्या जागेवर. तुमच्या मागं दोन झोत चालतायत. खूप हलवून टाकणारं होईल.’’

दगडाबाईंनी मुक्ताबाईंकडं पाहिलं. ‘‘कामून गं? मेलेल्या बाया अंधारात आडखळतील म्हनून?’’

‘‘मॅडम,’’ मुक्ताबाई समजुतीने म्हणाल्या, ‘‘तमाशात रिकामी जागा नसती. कुनी आजारी पडलं, बाळंत झालं, मेलं, तरी खेळ हुतो. बदली उभी ऱ्हाती. माझी आई सकाळी गेली, सांच्याला तिच्या जागंवर म्या हुते. कुनी लाईट मारला न्हाई. दोन बदल्या द्या.’’

राजेश्वरीने आपल्या मुलींकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘एक मोनिका. माझ्या संचातली सगळ्यात तयार मुलगी आहे.’’

‘‘आन दुसरी?’’

‘‘दुसरी… बघू, कुणाला—’’

‘‘दुसरी तू. तुला शांतता लांबडी वाटती ना? मदे उभी ऱ्हाऊन बघ.’’

शनिवारी पितळी घागरी आल्या. हलकी घागर डोक्यावर टिकत नाही, हे राजेश्वरीला नवीन होतं. वजन असलं की घागर स्वतःच डोकं शोधते. मुक्ताबाईंनी प्रत्येकीत चौथाई पाणी ओतलं, पट्टे काढून फेकले. मोनिका दोन तासांत तीनदा भिजली. राजेश्वरी पाच वेळा भिजली, आणि प्रत्येक वेळी दगडाबाई म्हणायच्या, ‘‘पान्याचा सवाल सुटला बग!’’

मुक्ताबाईंचा निरोप मिळून, ट्रॅकच्या जागी वाजवायला दुपारी गहिनीनाथ आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पांढऱ्या मिशा, खांद्यावर ढोलकी, गोधडीत गुंडाळलेली. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा मर्जीनुसार चालणारा. मुक्ताबाईंनी त्याला विचारलं, ‘‘वस्ताद, मुक्या फेऱ्यात ऐकू कसं येनार? आत कसा येशील?’’

‘‘ऐकायचं कामच न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘तुजी डावी टाच दिसती मला. लई वर्सं तीच बगत आलोय.’’

‘‘ऐका!’’ दगडाबाई ओरडल्या. ‘‘म्हाताऱ्याचं आज बाहेर आलं!’’

चहाच्या वेळी मुक्ताबाईंनी त्याच्या डाव्या कानाशी जाऊन पान चौदा वाचून दाखवलं. गहिनीनाथने कप खाली ठेवला. 

‘‘मास्तर मेला, मुक्ता,’’ तो म्हणाला. ‘‘आता कशाला उकरायचं?’’

‘‘मास्तर मेला. म्या न्हाई.’’

‘‘माझं नाव हाय नगर जिल्ह्यात. ढोलकी म्हनलं की गहिनीनाथ. लोक काय म्हनतील? ह्यानं उनात ठिवली?’’

‘‘म्या शब्द दिलाय. म्या सांगनार न्हाई,’’ मुक्ताबाई म्हणाल्या. ‘‘फकस्त तुला वाचून दावलं. निष्ठेनं, म्हनं.’’

गहिनीनाथ ढोलकीकडं वळला. उरलेली तालीम त्याने खाली मान घालून वाजवली. बहिऱ्या माणसाची ही एक सोय असते, की तो ऐकत नाहीये की ऐकून गप्प आहे, ते सांगता येत नाही.

रविवारी अकरा म्हणजे पावणेबारा. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत पाहुणे, मागं जिल्ह्यातून आलेली म्हातारी माणसं, ज्यांनी कधीकाळी तंबूत शिट्ट्या मारल्या होत्या. विंगेत तिघींनी चाळ कपाळाला लावले आणि बांधायला बसल्या. घोट्यावरच्या घट्ट्यांत दोऱ्या बरोबर बसल्या, जशा काही कालच सोडल्या होत्या. मुक्ताबाईंचा गुडघा उठताना वाजला. मोनिकाने हात पुढं केला. ‘‘पुढं बग,’’ मुक्ताबाई म्हणाल्या. ‘‘माझ्याकडं काय बगती?’’

स्टेजवर आप्पासाहेब प्रास्ताविक करत होते. ‘‘…आणि आता आपण पाहणार आहोत ती मुक्या फेऱ्यांची अजरामर किमया, जी आसाराम मास्तरांच्या प्रतिभेतून—’’

‘‘न्हाई.’’

आवाज स्टेजच्या कडेवरून आला होता. गहिनीनाथ ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. ढोलकीसाठी लावलेला माईक त्याच्या तोंडाजवळ होता. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. शेवटच्या रांगेत झोपलेला एक गृहस्थ जागा झाला.

‘‘न्हाई, सायेब. प्रतिभा-बितिभा काय नव्हती. ढोलकीचं पान फाटलं हुतं. ढोलकी उनात म्या ठिवली, आन कुस्तीच्या गप्पा हानत बसलो. तासभर. मास्तर ट्रकखाली निजला हुता. ढोलकी मेली, पन ही मुक्ता थांबली न्हाई. चार फेरं तिच्या टाचंवर झालं. आज बेचाळीस वर्सं ती माझी चूक झाकून बसलीया. झालं. आता वाजवतो.’’

 आप्पासाहेबांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. कागदात याची सोय नव्हती. मागच्या रांगेतून एक म्हातारा उभा राहिला आणि ओरडला, ‘‘उनात ठिवली व्हय रं, भाड्या!’’ आणि सगळं सभागृह हसलं. गहिनीनाथला ऐकू आलं नाही. त्याने थाप मारली.

पाच घागरी बाहेर आल्या. पुढं मुक्ताबाई, मग शेवंताबाई, मग मोनिका, राजेश्वरी, आणि मागं दगडाबाई, त्या नेहमी मागंच असत, कारण तिथून बोलायला बरं. गाणं मुक्ताबाईंनीच धरलं. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. वरच्या सुरात तो चिरकत होता. पण ‘पाणी कुनाचं सांगा’ हे काही गोड आवाजात विचारायचं नसतंच. पाहुण्यांच्या रांगेकडं बोट करून त्यांनी ते असं विचारलं की दोन पाहुण्यांनी उत्तर आठवायचा प्रयत्न केला.

गाणं भरात आलं. ढोलकी थांबली.

पहिल्या फेऱ्यात राजेश्वरीच्या लक्षात आलं की ही शांतता नाहीच. नऊवारीच्या काठाखाली दहा पाय बोलत होते, आणि त्या आवाजात आपलाही पाय आहे की नाही, हे दर मात्रेला तपासावं लागत होतं. कुणी शिंकलं नाही. कुणाचा मोबाईल वाजला नाही. दुसरा फेरा, तिसरा. शेवंताबाईंचा नवा गुडघा जुन्याच मात्रेत वाकत होता. चौथा फेरा संपत आला तशी मुक्ताबाईंनी डावी टाच आपटली. ढोलकी आली नाही.

त्यांनी कडेला पाहिलं. गहिनीनाथचे दोन्ही हात मांडीवर होते. तो टाचेकडं बघत होता आणि मिशीत हसत होता.

‘‘मुक्ते,’’ मागून दगडाबाईंचा आवाज आला, ‘‘परत मेली का गं?’’

मुक्ताबाईंनी पाचवा फेरा घेतला. सहावा घेतला. आता बाजूने नाही, सभागृहाच्या समोर येऊन घेतला, टाच अशी आपटत की फळ्यांतली धूळ उडाली. सातव्यात मोनिका हसायला लागली, घागर हललीसुद्धा नाही. आठव्यात राजेश्वरीला दम लागला आणि एकाहत्तर वर्षांची बाई तिच्यापुढं चार हात निघून गेली. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उभी राहिली होती. टाळ्या कुणी वाजवत नव्हतं, मात्रा मोडेल म्हणून. नवव्या फेऱ्यात मुक्ताबाईंनी मान वळवली, घागरीसकट, आणि गहिनीनाथकडं असं पाहिलं की त्याला नक्कीच ऐकू आलं असावं. समेवर ढोलकी कोसळली. पुढचं वर्णन करता येणार नाही, कारण चित्रीकरण करणारा माणूस कॅमेरा सोडून नाचत होता. मात्र कॅमेरा स्टँडवर होता, त्यामुळे फेरे नऊच्या नऊ आले.

विंगेत मुक्ताबाई घागर उतरवून आधी त्यातलंच पाणी प्यायल्या. मग त्यांनी गहिनीनाथची कॉलर धरली.

‘‘चारला का आला न्हाईस?’’

‘‘म्या हात उचलला हुता,’’ तो म्हणाला. ‘‘मंग म्हनलं, ढोलकी फाटलीया न्हवं? घाई कुनाला हाय?’’

आप्पासाहेब शाल, नारळ आणि फाईल घेऊन आले. सत्कार रद्द झाल्यामुळे शाली उरल्या होत्या, त्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी तूर्त पुढं ढकलला. मुख्य प्रश्न पान चौदाचा होता. पुस्तिका छापून झाली होती. आता फक्त शुद्धिपत्र जोडता येणार होतं. त्यांनी तिथंच खुर्चीवर बसून ते लिहिलं आणि वाचून दाखवलं : ‘‘पृष्ठ चौदा, ओळ सहा : ‘आसाराम मास्तरांच्या प्रतिभेतून’ याऐवजी ‘उन्हामुळे’ असे वाचावे.’’

मुक्ताबाई चाळ सोडत होत्या. हात थांबला.

‘‘उनामुळं ढोलकी फाटली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फेरं उनानं घेतलं का?’’

‘‘नाही, ते…’’

‘‘लिवा. नाव लिवा. आन निष्ठेनं काढा.’’

आप्पासाहेबांनी ‘उन्हामुळे’ खोडलं. ‘मुक्ताबाई मिरजगावकर यांनी ऐन वेळी घडवले’ असं लिहिलं. मग थोडं थांबून, कुणी न सांगता, ‘मिरजगावकर’ खोडून ‘आई भागूबाई’ घातलं. रकाना नव्हता, त्यांनी समासात लिहिलं.

त्याच दुपारी चारच्या नगर-करमाळा एसटीने मुक्ताबाई गावी परतल्या. गाडीत बसायला जागा नव्हती. मिरजगावपर्यंत सव्वा तास त्या उभ्याने आल्या.